पाचवे कुलूप

एका गावात चार जणांनी मिळून मीठ पिकवायचे ठरवले. गाव खाडीच्या काठावर होते, तरी मीठ बाहेरून यायचे. दारात एवढे खारे पाणी, आणि आमटीला मीठ कमी पडले की शेजारी वाटी घेऊन जायचे. याचे कुणालाच काही वाटत नव्हते. पदाजीला मात्र वाटले.

पदाजी वयाने चौघांत मोठा होता. तरुणपणी त्याने एका सोबत्याबरोबर होडी घेतली होती. आभाळ भरून आलेले असताना तो सोबती एकदा कुणाला न विचारता होडी खाडीबाहेर घेऊन गेला. सोबती पोहत परत आला, होडी आली नाही. तेव्हापासून पदाजीच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. एकट्या माणसाने ठरवले की बुडालेच.

बाकीच्या तिघांपैकी जोमा बांध घालण्यात पटाईत होता. हसुराम बोलका होता, खाडीपलीकडच्या प्रत्येक गावात त्याचे कुणी ना कुणी होते. मंजुळा ही पदाजीच्या वारलेल्या मित्राची बायको. तिच्या माहेरी मिठागर होते, त्यामुळे मिठाचे काम तिच्या अंगवळणी पडलेले होते.

गावाने त्यांना खाडीलगतची, भरतीला पाण्याखाली जाणारी पडीक जमीन दिली, पण एका अटीवर. पाटील म्हणाले, "दोन हंगाम घ्या. दुसरा हंगाम संपताना देवळाच्या पायरीवरून बांधाच्या वर मिठाचा ढीग दिसला, तर जमीन तुमची. नाय दिसला, तर बांध फोडायचा. बायका तिथं पूर्वीसारखी कोलंबी धरतील."

चौघांनी मान हलवली. आपापली कामे सोडून ते या उद्योगात उतरले. जोमाने कंबर मोडेस्तोवर चिखल वाहून बांध घातला, आणि रोज संध्याकाळी घरी जाताना तो त्या बांधाकडे वळून वळून पाहायचा. तो बांध फोडायची वेळ आली तर आपल्याला बघवणार नाही, असे त्याने बायकोला सांगून ठेवले होते.

मीठ पिकवायची रीत तशी साधी. बांधात एक उघाडी असते, म्हणजे लाकडी फळीचे दार. भरतीला फळी वर उचलली की खाडीचे पाणी आतल्या तळ्यात येते. ते उन्हात आटवायचे आणि मग लहान लहान वाफ्यांत सोडायचे. वाफ्याच्या तळाशी मीठ धरू लागते. वर उरलेले कडवट पाणी वेळेवर काढून टाकायचे, नाहीतर मीठही कडू होते. या कामात प्रत्येक गोष्टीची वेळ असते, आणि ती ऊन ठरवते, खाडी ठरवते. माणसाची सवड त्यांना ठाऊक नसते.

पदाजीने उघाडीच्या फळीवर लोखंडी अडसर बसवला आणि त्याला चार कुलपे लावली. प्रत्येकाकडे एक किल्ली. चौघे हजर असल्याशिवाय उघाडी हलायची नाही. उघाडीच काय, लहानमोठी कुठलीही गोष्ट चौघांनी काठावरच्या भेंडीच्या मोठ्या झाडाखाली बसून, एकमताने ठरवायची. पदाजीला ही व्यवस्था फार आवडली. रात्री त्याला शांत झोप लागू लागली.

पहिले उधाण आले. अमावस्येची भरती ती, तळे काठोकाठ भरून घेण्याची संधी. पदाजी, जोमा आणि मंजुळा उघाडीपाशी येऊन उभे राहिले. तीन कुलपे निघाली. चौथ्या कुलपाची किल्ली हसुरामच्या कडदोऱ्याला होती आणि हसुराम खाडीपलीकडे मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढत होता. पाणी फळीला येऊन टेकले, वर चढले, थोडा वेळ थांबले.

जोमा म्हणाला, "दादा, कुलूप तोडू का?"

"ठरलंय ते ठरलंय," पदाजी म्हणाला.

पाणी आल्या वाटेने परत गेले. तिघे त्याच्याकडे बघत राहिले.

पुढच्या उधाणाला थोडे पाणी मिळाले. त्याचे मीठही धरले. आता कडवट पाणी कधी काढायचे, यावर भेंडीखाली बैठक बसली. मंजुळा म्हणाली, आजच काढू. हसुराम म्हणाला, अजून थोडे मीठ धरू दे. जोमा आधी मंजुळेकडून होता, मग हसुरामकडून झाला. पदाजी म्हणाला, घाई नको, सगळ्यांना पटू दे. अखेर सगळ्यांना पटले आणि त्यांनी पाणी काढले. मग चौघांनी वाफ्यातले मीठ चाखले. ते एकमताने कडू होते.

पहिला हंगाम असा संपला. जो ढीग जमला, त्यावर एखादे मांजर बसले असते तर ढीग दिसला नसता. पाटील येऊन बघून गेले. जाताना त्यांनी कोलंबीचा विषय काढला.

त्या पावसाळ्यात पदाजीला झोप लागेना. जोमा रोज बांधाला चिखल लावताना दिसायचा. उद्या हाच बांध फोडायला लागला तर या माणसाच्या तोंडाकडे आपण कसे बघणार, हे पदाजीला कळत नव्हते. मीठ खाडीने नेले नव्हते, उन्हानेही नेले नव्हते. ते चार कुलपांनी नेले होते. आणि कुलपे त्याची होती.

दुसरा हंगाम सुरू झाला त्या सकाळी त्याने चौघांच्या किल्ल्या मागून घेतल्या, कुलपे काढली आणि सगळे खाडीत फेकून दिले. हसुरामने टाळी वाजवली.

"आजपासून ज्याच्या समोर काम, त्यानं ठरवायचं," पदाजी म्हणाला. "उघाडी जोमाची. वाफे वहिनींचे. होडी, माणसं, बाजार हसुरामचा."

"सगळंच एकेकट्यानं?" मंजुळेने विचारले.

पदाजीने जरा विचार केला. "फळी उघडली तर परत लावता येते. बांध फोडला तर परत येत नाय. बांधाला हात घालायचा असंल तर चौघं बसू. बाकी जे ते ज्यानं त्यानं."

सगळ्यांना फार बरे वाटले. जोमाने त्याच दिवशी भरतीला फळी उचलली. पण त्या भरतीबरोबर गाळ आणि शेवाळ वाहून आले आणि तळे गढूळ झाले. पदाजी आला, त्याने तळ्याकडे पाहिले. तो ओरडला नाही, रागावलाही नाही. साध्या आवाजात म्हणाला, "तुला कुनी सांगितलं होतं?"

मग मंजुळेने एका वाफ्यातले मीठ लवकर ओढून काठावर घेतले. ते ओलसर निघाले. पदाजीने हाताला लावून पाहिले आणि म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं होतं?" हसुरामने पलीकडच्या गावाला मिठाचा शब्द देऊन टाकला. त्यालाही तेच ऐकावे लागले.

पदाजी हे बोलायचा आणि विसरून जायचा. बाकीचे तिघे विसरले नाहीत.

हळूहळू असे झाले की जोमा फळीला हात लावण्याआधी पदाजीला शोधत फिरू लागला. मंजुळा वाफ्याशी उभी राहून त्याची वाट बघू लागली. हसुराम पलीकडे जायचा, गप्पा मारायचा आणि "दादांना विचारून सांगतो" म्हणून परत यायचा. पहिल्या हंगामात कामे चौघांसाठी अडायची, आता एकट्यासाठी अडू लागली. बिचारा पदाजी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता आणि म्हणत होता, "मी एकटा कुठं कुठं पुरू?" असे का होते, ते त्याला खरोखरच कळत नव्हते.

एका दुपारी तो वाफ्यांपाशी आला. मीठ धरले होते, वर कडवट पाणी तसेच उभे होते.

"वहिनी, हे पानी काढलं का नाय?"

"तुमची वाट बघत होते."

"माझी कशाला? कुलपं टाकली ना खाडीत?"

"चार टाकलीत, दादा," मंजुळा म्हणाली. "पाचवं तुमच्याकडंच हाय."

पदाजीचा हात आपोआप कडदोऱ्याकडे गेला. "कुठाय?"

"तोंडात."

आणि तिने त्याचेच वाक्य त्याच्याच साध्या आवाजात त्याला म्हणून दाखवले. मग वाकून ती वाफ्याचे तोंड उघडू लागली.

पदाजीला राग आला. एवढे केले, कुलपे काढली, मोकळीक दिली, आणि वर हे ऐकायचे! तो तडक जाऊन बांधावर बसला. बसल्या बसल्या त्याला ती जुनी होडी आठवली. ती बुडाली ती सोबती एकटा होता म्हणून नव्हे. त्याने आभाळाकडे बघितले नाही म्हणून. इतकी वर्षे आपण भलत्याच गोष्टीला भीत आलो, हे त्याला तेव्हा उमगले. त्याला स्वतःची लाज वाटली. पण त्याने हे कुणाला सांगितले नाही, आणि मनात उमगलेले तोंडापर्यंत यायला वेळ लागतोच.

पौर्णिमेचे उधाण आले त्या दिवशी पदाजी आणि हसुराम होडीसाठी सुंभ आणायला बाजारात गेले होते. मंजुळा वरच्या वाफ्यांत मीठ ओढत होती. खालच्या वाफ्यांत मीठ तयार होऊन पडले होते, ते दुसऱ्या दिवशी ओढायचे होते. उघाडीपाशी जोमा एकटा होता.

भरती नेहमीसारखी चढली आणि चढतच राहिली. वारा पाण्याला बांधावर ढकलत होता. बांधात खेकड्यांनी बिळे केली होती, त्यांतून पाणी झिरपू लागले. मग चिखलाचे एक ढेकूळ सुटून पडले. मग आणखी एक.

उघाडी उघडली तर पाणी आत येईल आणि बांधावरचा भार कमी होईल. पण तळे भरून पाणी खालच्या वाफ्यांवर चढेल आणि तयार मीठ विरघळेल. नाही उघडली तर बांध टिकेल, किंवा जाईल. बांध गेला तर काहीच उरणार नाही.

त्याने गावाच्या वाटेकडे पाहिले. वाट मोकळी होती. त्याने फळीला हात लावला आणि मागे घेतला. ते वाक्य त्याला अगदी कानाशी ऐकू आले. तिसरे ढेकूळ सुटले तेव्हा जोमाने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी फळी वर उचलली.

पाणी धावत आत शिरले. खालचे वाफे बघता बघता दिसेनासे झाले. बांधातून गळायचे थांबले. आणि गंमत बघा, त्यानंतर थोड्याच वेळात वारा पडला आणि भरती थबकली. कदाचित बांध टिकलाही असता. कदाचित नसताही. ते आता कुणीच सांगू शकत नव्हते, आणि हेच जोमाला सर्वांत जास्त टोचत होते.

तेवढ्यात पदाजी आणि हसुराम आले. पदाजीच्या खांद्यावर सुंभाची गुंडाळी होती. त्याने खालच्या वाफ्यांच्या जागी पाणी पाहिले. हंगामाचे सर्वांत चांगले मीठ तिथे होते. त्याच्या खांद्यावरची गुंडाळी खाली पडली. मंजुळा वरच्या वाफ्यांतून बघत उभी राहिली. जोमा एक हात फळीवर ठेवून मान खाली घालून उभा होता.

"तुला..." पदाजी म्हणाला.

तिघांनी तो शब्द ऐकला. पुढचे शब्द तिघांनाही पाठ होते. जोमाने ते झेलायला खांदे आवळून घेतले.

पदाजीने तोंड मिटले. मोठ्या कष्टाने तो पुन्हा बोलला.

"तुला काय वाटतं, जोमा? आता काय करायचं?"

जोमाने मान वर केली. आपण नीट ऐकले का, हे त्याला कळेना. मग त्याने बांधाकडे पाहिले आणि तो भराभर बोलू लागला. "ओहोटी लागतेय. फळी अशीच वर ठेवू. तळ्यातलं जादा पानी जाऊ दे, मग बांधाची बिळं बुजवू."

"तळ्यातलं जाऊ दे, पन वाफ्यांतलं नको!" मंजुळा वरून ओरडली. "मीठ गेलं कुठं? त्याच पान्यात हाय! वाफ्यांची तोंडं बुजवा, आत्ताच्या आत्ता!"

कुणी कुणाला विचारले नाही. मंजुळा पाण्यात उतरली, जोमा चिखल उपसून देऊ लागला. पदाजी बाजारात जायच्या धुवट धोतरासकट गुडघाभर पाण्यात उतरला आणि सांगतील तिथे चिखल थापू लागला. हसुराम म्हणाला, "बांधाला आपण चौघं पुरनार नाय. मी मेव्हण्यांना घेऊन येतो," आणि उत्तराची वाट न बघता होडी ओहोटीत लोटून निघूनही गेला.

शेवटच्या वाफ्याचे तोंड बुजवले तेव्हा तळ्यातले पाणी बाहेर ओढू लागले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर विरघळलेले मीठही त्याच्याबरोबर खाडीत गेले असते. एक वाक्य बोलून संपायला आणि त्यावर भांडून व्हायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच. पदाजीच्या हे ध्यानात आले तेव्हा तो बांधाला टेकून मटकन खाली बसला.

हसुरामचे मेव्हणे आले. बुंदी खाल्लेली माणसे ती, त्यांनी मन लावून बांध लिंपला. पुढे ऊन कडक पडले. वाफ्यांतले पाणी आटत गेले आणि मीठ पुन्हा धरले. जरा मळकट होते, पण होते. त्या दिवसानंतर मंजुळेने पाणी कधी काढायचे हे कुणाला विचारले नाही आणि तिचे मीठ एकदाही कडू झाले नाही. चुका झाल्याच नाहीत असे नाही. झाल्या, पण ज्याच्या त्यानेच त्या लगेच सांगितल्या आणि लगेच निस्तरल्या.

हंगाम संपला. पाटील देवळाच्या पायरीवर उभे राहिले, मागे सारा गाव. पाटलांनी डोळ्यांवर हात धरला. बांधाच्या वर जेमतेम हातभर पांढरे काहीतरी दिसत होते. त्यांनी डोळे पुसून पुन्हा पाहिले.

"दिसतंय," ते म्हणाले. "जमीन तुमची."

चौघांचा जीव भांड्यात पडला. मग सगळे मिळून ढिगापाशी आले. पाटील ढिगाभोवती हिंडले, बांधावर काठी आपटून पाहिली आणि पदाजीकडे वळले.

"पन पदाजी, ऐकलं ते खरं का? पौर्णिमेला तयार मिठावर पानी सोडलं म्हनं. त्या जोमाला उघाडी उघडायला कुनी सांगितलं होतं?"

जोमा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"मी," पदाजी म्हणाला.

"तू? तू तर तवा बाजारात होतास. सुंभ घेताना मीच तुला बघितलं."

"किल्ल्या खाडीत टाकल्या, तवाच सांगितलं होतं," पदाजी म्हणाला. "जोमाला ऐकू जायला वेळ लागला. मधे मीच बोलत होतो ना."

जोमाने वर पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ढिगातले चिमूटभर मीठ उचलले आणि पाटलांच्या तळहातावर ठेवले. पाटलांनी ते जिभेवर टाकले, थोडा वेळ चघळले आणि मान डोलावली.

तात्पर्य: सोबत्यांनी झटपट ठरवावे असे वाटत असेल, तर ज्याच्यासमोर काम आहे त्याच्या हाती निर्णय सोपवावा, आणि जे परत फिरवता येणार नाही तेवढ्यासाठीच सर्वांची वाट पाहावी. निर्णय चुकला तर 'तुला कुणी सांगितले होते' हे विचारू नये, 'आता काय करायचे' हे विचारावे.